ऊस कुठून तोडायचा

मागच्या शेतात उसाला तुरे आलेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर सकाळच्या धुक्यात ते राखाडी दिसतात, आणि नऊनंतर ऊन चढलं की चकाकायला लागतात. यंदा नवीन राहायला आलेल्या शेजारणीने परवा त्यांचा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचं काश्मीर'. मी एक फूल टाकलं, आणि मागच्या अंगणात जाऊन कचऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते पाहून आले. तुरे आले म्हणजे तोड जवळ आली. आणि तोड जवळ आली की मला तो एक हंगाम आठवतो, आमच्या कॉलनीच्या पाठीमागे बिबट्या राहायला होता तो.

'राहायला होता' असंच म्हणायला हवं. 'आला होता' म्हटलं की तो कुठल्यातरी डोंगरातून वाट चुकून आमच्याकडे आला असं वाटतं. गोदावरीच्या काठच्या उसात कितीतरी बिबट्यांचा जन्मच होतो. त्यांना डोंगर ठाऊक नसतो. त्यांचं जंगल म्हणजे ऊस. शहरातल्या इंदिरानगरमधला दोन खोल्यांचा फ्लॅट विकून आम्ही इथे आलो. सायखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, शहर जिथे विरळ होत जातं तिथे. चोवीस रो-हाऊसं, पुढे मोठं फाटक, मागे भिंत. बिल्डरच्या रंगीत पत्रकावर पाठीमागचा ऊस छापलेला होता, 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहून. बिबट्या छापलेला नव्हता.

जागेची रचना सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. आमच्या मागच्या भिंतीला लागून पंधरा-वीस पावलांची मोकळी पट्टी. तिच्यापलीकडे ऊस सुरू. तो उतरत उतरत खाली ओढ्यापर्यंत गेलेला. ओढ्याला बाभळी, घाणेरी, आणि ओढा पुढे नदीला मिळतो. शेत नानांचं. नाना म्हणजे सायखेड्याकडचे जुने बागाईतदार, पांढरी टोपी, स्मार्टफोन, आणि बोलण्यात कायम घाई. त्यांच्या शेतात ट्रॅक्टर येण्याची वाट खालून, ओढ्याच्या अंगाने. त्यामुळे तोड दरवर्षी ओढ्याकडून सुरू व्हायची आणि आमच्या भिंतीशी संपायची. यात विचार करण्यासारखं काही आहे असं आमच्यापैकी कुणालाही कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. पाटणकर काका पहाटे फिरायला निघतात, कानटोपी, काठी आणि खिशात रेडिओ. एका सकाळी ते अर्ध्या वाटेतून परत आले आणि आमची बेल वाजवली. मी कॉलनीची सेक्रेटरी, म्हणून आमची.

"वैशालीताई, मागच्या भिंतीवर मांजर बसलं होतं."

"बरं मग?"

"ते उठलं. उडी मारून पलीकडे गेलं. पण त्याची शेपटी संपेचना हो."

अर्ध्या तासात ग्रुपवर एकशे बारा मेसेज. कुणी आफ्रिकेतल्या सिंहाचा व्हिडिओ टाकला. कुणी विचारलं की आज दूधवाला येणार का. माझ्या नवऱ्याने चहा पिता पिता सगळे वाचून काढले आणि म्हणाला, "पाण्याच्या टाकीबद्दल तू महिनाभर ओरडत होतीस तेव्हा तिघांनी उत्तर दिलं होतं."

वनखात्याचा माणूस आला. तिशीतला, मफलर गुंडाळलेला, झोप न झालेला. भिंतीच्या पलीकडे ठसे पाहून म्हणाला, मादी असावी. लोकांना पिंजरा हवा होता. तो म्हणाला, "लावता येतो. पण ही गेली तर हिची जागा रिकामी होते, आणि दुसरा येतो. हिला तुमची भिंत, तुमचे दिवे, तुमच्या जाण्यायेण्याच्या वेळा माहीत आहेत. ती तुम्हाला टाळते. नवीन आलेल्याला ते शिकायला वेळ लागतो." मग त्याने काय करायचं ते सांगितलं, आणि मी वहीत उतरवून घेतलं.

मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं हे माझं काम. त्याच सवयीने त्या दिवशी संध्याकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरात नियम लिहिले. ओला कचरा झाकून. दिवेलागणीनंतर लहान मुलं एकटी बाहेर नाहीत. अंधारात जाताना फोनवर गाणी लावा, आवाज करा. बाहेर खाली बसून किंवा वाकून काम करू नका, कारण बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतो. दिसला तर पळू नका. आणि मोकाट कुत्र्यांना फाटकाशी खाऊ घालू नका, कारण बिबट्या माणसांसाठी वस्तीत येत नाही, कुत्र्यांसाठी येतो.

फळा चांगला दिसत होता. लोकांनी त्याचे फोटो काढले. मला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू.

शेवटच्या नियमावर रश्मी माझ्याकडे आली. ती नऊ नंबरमध्ये राहते, आयटीत आहे, घरूनच काम करते, आणि सात-आठ कुत्र्यांना रोज संध्याकाळी भात आणि चिकनचं पाणी घालते. "ताई, त्यांनी उपाशी मरायचं का?" तिचे डोळे भरून आले होते. मला रडणाऱ्या माणसासमोर फार वेळ उभं राहवत नाही. म्हणून मी तोडगा काढला. मागच्या भिंतीला एक फाटक आहे, बांधकामाच्या वेळी ट्रक आत यायचे ते, आता फारसं न वापरलेलं. ते उघडून मी तिला बाहेर नेलं, भिंतीच्या टोकाची जागा दाखवली आणि म्हटलं, "इथे ठेव. फाटकापासून लांब, घरांपासून लांब. कुणाला त्रास नाही." तिने माझे आभार मानले. मी हात झटकले. दोन्ही बाजू खूश, प्रश्न मिटला.

त्या आठवड्यात ऊसतोडीची टोळी आली.

तो हंगाम आठवताना नाकाला आधी वास आठवतो. ताज्या तोडलेल्या उसाचा गोड, हिरवा वास, आणि त्यात वाळलेल्या पाचटाची धूळ. शिंका येतात. मग आवाज. कोयत्याचा एकसारखा खच्‌ खच्‌, मोळी खाली पडल्याचा धप्प, आणि मधूनच कुणीतरी कुणालातरी चिडवल्याचं हसू. सकाळी सातला मी डबे भरत असायचे तेव्हा त्यांचा अर्धा दिवस झालेला असायचा. खिडकीच्या गजांमधून बायांची डोकी दिसायची, फडक्याने गुंडाळलेली, हातांत जुने पायमोजे घातलेले, उसाची कुसं लागू नयेत म्हणून.

टोळी पेठ-सुरगाण्याकडची. भात आणि नागली काढून झाली की ही माणसं खाली येतात, कुणी द्राक्षबागांवर, कुणी उसावर. आठ कुटुंबं होती. राहायला त्यांनी आमच्या भिंतीबाहेरची मोकळी पट्टी निवडली. जमीन कोरडी, भिंतीचा वाऱ्याला आडोसा, आमच्या खांबाचा उजेड फुकट, आणि मागच्या फाटकाशी आम्ही बागेसाठी घेतलेला नळ. उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या, आणि प्लास्टिकच्या आठ कोप्या दोन दिवसांत उभ्या राहिल्या. कोपी म्हणजे खोपटं, आत वाकून शिरायचं. शेवटची कोपी भिंतीच्या टोकाला होती. तिच्यापासून दहा पावलांवर मी रश्मीला दाखवलेली जागा.

ते मला दिसलं का? दिसलं असणार. माझी खिडकी त्याच बाजूला आहे. पण दिसणं आणि ध्यानात येणं यात फरक आहे, आणि तो फरक मी त्या वर्षी शिकले.

शेवटच्या कोपीत यमुना राहायची. तिशीची असेल नसेल. काटक, उंच कपाळ, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारी. तिचा नवरा दिवसभर ट्रॉली भरायच्या कामावर. त्यांना एक मुलगी, सोनी, चार वर्षांची. आमची ओळख नळावर झाली. मी पाण्याची धार बारीक करायला गेले होते, कारण टाकी लवकर रिकामी होत होती.

"बंद करताय का ताई?" यमुनेने विचारलं.

"बारीक करतेय."

"मंग बारीकच भरू. आम्हाला कुठं घाई हाय." आणि ती हसली. टोमणा होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर जाता-येता बोलणं व्हायचं. एकदा मी तिला नियम सांगितले. फळा पुढच्या फाटकाशी होता, तो त्यांना दिसण्याचं कारण नव्हतं. ती चूल पेटवत होती. मी म्हटलं, अंधार पडल्यावर बाहेर खाली बसायचं नाही. ती चुलीसमोर बसूनच माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. उभ्यानं भाकर थापते." आसपासच्या बाया खोखो हसल्या. मीही हसले, आणि घरी येताना माझा वेग नेहमीपेक्षा जास्त होता. दिवसभर वाकून तोडायचं, संध्याकाळी बसून रांधायचं, पहाटे उसातच आडोशाला जायचं. मी लिहिलेला एकही नियम या बाईला पाळता येण्यासारखा नव्हता. ते नियम ज्यांच्या घराला दार आहे त्यांच्यासाठी होते.

जानेवारी उजाडला. ओढ्याकडून सुरू झालेली तोड वर सरकत होती. रोज संध्याकाळी खिडकीतून पाहिलं की ऊस थोडा कमी झालेला. आधी ओढ्याच्या बाभळी दिसायच्या नाहीत, मग शेंडे दिसू लागले, मग बुंधे. मला बरं वाटायचं. वाटायचं, दडायला जागाच कमी होतेय, जाईल ती.

एका संध्याकाळी, दिवे नुकतेच लागले होते, मी कणीक मळत होते. मागे पातेलं दगडावर आपटल्याचा आवाज झाला आणि मग एक कुत्रं ओरडलं. ओरडणं मध्येच तुटलं. त्यानंतर इतकी शांतता, की कुकरची वाफ ऐकू येत होती. मग बायांचा आरडाओरडा, पातेल्यांवर उलथनी बडवण्याचा आवाज. मी कणकेच्या हातांनी मागच्या फाटकाशी पोचले. यमुना सोनीला काखेत गच्च धरून उभी होती. सोनी रडत नव्हती. बोट उसाकडे करून ती सांगत होती, "काळं कुत्रं नेलं."

घडलं होतं ते एवढंच. रश्मी भात ठेवून गेली, कुत्री जमली, आणि सोनी आपल्या हातातली भाकर त्यांना द्यायला गेली. खाली बसून. ऊस हलला आणि तिच्या शेजारचं कुत्रं गेलं. शेजारचं म्हणजे किती शेजारचं, ते मी विचारलं नाही. तिच्या फ्रॉकवर भात उडालेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुना आमच्या दारात आली. पुढून, मोठ्या फाटकातून. वॉचमनने तिला अडवलं होतं, तर ती त्याला म्हणाली होती, "मॅडमनी बोलावलंय." मी बोलावलं नव्हतं. मी तिला आत ये म्हटलं. ती पायरीवरच थांबली.

"ताई, ते कुत्र्यांचं खाणं तिथून उचला."

तेव्हा मी जे बोलले ते मला आजही तोंडपाठ आहे. मी म्हटलं, "बघते. कोण ठेवतंय तिथे, विचारते."

यमुनेने मान हलवली. "आन्‌ दुसरं. ऊस वरून तोडाया पायजे."

मला कळलं नाही. तिने पायरीवर बोटाने रेघ ओढून दाखवलं. ही तुमची भिंत, हा ऊस, हा ओढा. आम्ही इकडून कापत वर येतो. जनावर दिवसा मोकळ्या रानात निघत नाही. उभ्या उसात मागं मागं सरकतं. मागं कोण? आमच्या कोप्या. त्याच्या मागं भिंत. "आता राहिला हाय तो तीन एकर. त्येच्यात ती हाय, तिची पिल्लं असतील तर ती बी हाईत. शेवटची सरी तोडू तवा ती कुठं जाईल? आमच्या अंगावरूनच जाईल ना?"

"मग कोप्या हलवा ना. खाली ओढ्याकडे न्या."

"तिकडं पानी नाय, उजेड नाय. आन्‌ तिला जायाची वाट तीच हाय ओढ्याची. तिच्या वाटंत झोपू व्हय?" मग तीच रेघ उलटी ओढत म्हणाली, "भिंतीकडून तोडत खाली गेलं, तर ती आपली आपण रातच्याला ओढ्यात उतरंल. आमचा मुकादम नाय म्हंतो. ट्रॉली वर कशी आणायची म्हंतो."

मी नानांना फोन लावला. नाना म्हणाले, "ती बाई बोलती ते बराबर हाय. पन खालनं ट्रॉली वर चढवायची तर तोडलेल्या रानात चाकं रुततात, परवाच पानी दिलंय. दुसरी वाट तुमच्या कॉलनीतूनच. पुढचं फाटक, तुमचा रस्ता, मागचं फाटक. देता का?"

आमचा रस्ता म्हणजे पेव्हर ब्लॉकचा रस्ता. त्याच पावसाळ्याआधी बसवलेला. लाल आणि करडा, माशाच्या काट्यासारखी नक्षी. दोन वर्षं भांडून मीच तो करून घेतला होता.

सभा त्याच संध्याकाळी बोलावली. आमच्या हॉलमध्ये एक टेबल टेनिसचं टेबल आहे, जाळी नसलेलं. सभा त्याच्याभोवती उभ्याने होते, त्यामुळे लांबत नाही. ती लांबली.

"उसाची ट्रॉली म्हणजे काय वजन असतं, कल्पना आहे का कुणाला?"

"पिंजरा मागवा ना! वनखातं कशाला आहे?"

"मी म्हणते, त्या लोकांना आठ दिवस सुट्टी द्या."

"त्यांना सुट्टी द्यायला ते काय तुमच्या कंपनीत आहेत का?"

"वैशालीताई, ब्लॉक बसवताना तुम्हीच म्हणाला होतात की पाण्याचा टँकरसुद्धा आत येऊ देणार नाही."

म्हटलं होतं. खरं तर तेव्हा सांगायला हवं होतं की कुत्री तिथे जमली ती माझ्यामुळे. रश्मी कोपऱ्यात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तीही बोलली नाही, मीही नाही. खाणं मात्र मी दुपारीच बंद केलं होतं. जागा धुऊन काढली, चुना टाकला, आणि रश्मीला सांगितलं की कुत्र्यांना दिवसा, उन्हात, पुढच्या रस्त्यापलीकडे घाल. कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रयोगशाळेत काही सांडलं की मी असंच करते. आधी पुसते. सांगायचं राहून जातं.

मतं घ्यायची वेळ आली तेव्हा पाटणकर काका तिथे नव्हते. कानटोपी टेबलावर तशीच. कुणीतरी म्हणालं, गेले वाटतं कंटाळून. दहा मिनिटांनी आले ते मागच्या बाजूने. बुटांना चिखल. ते सगळं आयुष्य एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते. हेल्मेट घाला, दोरी बांधा, हे सांगण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. तेच सगळ्यांत जास्त विरोधात होते. ते टेबलाशी आले आणि म्हणाले, "त्या टोकाच्या झोपडीतल्या बाईने मुलीला बांधून ठेवलंय. कमरेला साडीची चिंधी, दुसरं टोक खाटेच्या पायाला. आज दिवसभर अशीच होती म्हणाली. कामावर असते ना."

त्यांनी टेबलावरची कानटोपी उचलली.

"ट्रॉलीवाल्याला हळू चालवायला सांगा," काका म्हणाले, आणि टोपी घालून घरी गेले.

मतं घेतलीच नाहीत. सकाळी सहाला मी दोन्ही फाटकं उघडली.

ते नऊ दिवस आमच्या कॉलनीच्या वाट्याला पुन्हा येणार नाहीत. पहिल्याच दिवशी वळणावर ब्लॉक खचले. दुसऱ्या दिवशी नक्षी कुठे होती ते शोधावं लागत होतं. ट्रॉली वळताना उसाची कांडी पडायची आणि शाळेच्या बससाठी उभी असलेली पोरं ती पळवायची. गणवेशांवर चिकट डाग, पायऱ्यांवर चोथा, त्यावर मुंग्या. ग्रुपवर कुणीतरी रोज खचलेल्या रस्त्याचा फोटो टाकायचं, खाली काही न लिहिता. मी रोज तो उघडून पाहायचे. माझा रस्ता होता, मला वाईट वाटत होतं. वाईट वाटून काही बदलणार नव्हतं, म्हणून मी झाडू घेऊन चोथा काढायचे.

आणि मागे रोज मोकळी जमीन वाढत होती. कोप्यांसमोर आधी वीस पावलं, मग पन्नास, मग शंभर. संध्याकाळी त्या मोकळ्या रानात खांबाचा उजेड लांबपर्यंत जायचा. बाया चुलींपुढे बसून भाकरी थापायच्या आणि समोर काय आहे ते त्यांना दिसायचं. सगळा फरक तेवढाच होता. ज्या दिशेने भीती, त्या दिशेला दिसायला लागलं. सोनीच्या कमरेची चिंधी चौथ्या दिवशी सुटली. मला खिडकीतून दिसलं, ती पाचटाच्या ढिगावरून घसरगुंडी खेळत होती, आणि यमुना तोडता तोडता उभी राहून, कमरेवर हात ठेवून, तिच्यावर ओरडत होती.

नवव्या दिवशी ओढ्याकडचा शेवटचा पट्टा राहिला. वनखात्याचा तो माणूस सकाळी येऊन गेला. दोन्ही बाजूंनी कुणी उभं राहायचं नाही, ओढ्याकडे कुणी जायचं नाही, दुपारी काम थांबवायचं, एवढंच त्याने सांगितलं. दुपारी तीनपासून टोळी कोप्यांपाशी बसून राहिली. आम्ही गच्चीवर. काहीही दिसलं नाही. एकदा टिटवी ओरडली, तेवढंच. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठाला ओल्या मातीत ठसे होते, उतरत गेलेले. मोठे, आणि त्यांच्या आगेमागे लहान, दोन पिल्लांचे. यमुनेचा अंदाज बरोबर होता. वनखात्याच्या माणसाने ठशांशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढला आणि मला म्हणाला, "छान झालं मॅडम." मी म्हटलं, "मला नका सांगू." आणि यमुनेकडे बोट दाखवलं. तोपर्यंत ती कामाला लागली होती.

त्यानंतर आमच्याकडे बिबट्या दिसला नाही असं नाही. दोनदा दिसला. एकदा ओढ्यापाशी, एकदा लांब रस्त्यावर, गाडीच्या दिव्यात. तो असणारच. मी त्याच्या प्रेमात वगैरे पडलेली नाही. 'सहजीवन' हा शब्द शाळेत निबंधाला ठीक आहे. मला एवढंच कळलं की आपल्या दाराला कडी लावली की आपण सुरक्षित झालो असं आपल्याला वाटतं, आणि धोका फक्त भिंतीच्या पलीकडे सरकलेला असतो. पलीकडे कोण राहतंय हे पाहायला भिंतीला खिडकी लागते. माझ्या घराला तर ती होती.

आता नाना दरवर्षी भिंतीकडूनच तोडतात. मागच्या बाजूने त्यांनी बांधावरून पक्की वाट काढून घेतली आहे, आमच्या रस्त्याला हात लागत नाही. ब्लॉक आम्ही पुन्हा बसवले. वळणावर ते अजून थोडे खोलगट आहेत, पावसात तिथे पाणी साचतं, आणि कुणी ना कुणी ते मला ऐकवतंच.

मधली तीन वर्षं यमुना आली नाही. कुठल्यातरी द्राक्षबागेवर जायची म्हणे. यंदा परवा टोळी उतरली तेव्हा कपाळावरून ती ओळखू आली. कानांवरचे केस थोडे पांढरे झालेत. सोनी आश्रमशाळेत आहे, दुसरीत. "पाढे म्हंती ताई, सतराचा बी. मला येत नाय, मी नुसतं व्हय व्हय म्हंते." आम्ही नळाशी उभ्या होतो. हंडा भरत होता. मी मनात म्हटलं, आता नाही तर मग कधीच नाही. चार वर्षं झाली, एक वाक्य आहे, बोलून टाकावं.

"यमुना, त्या वर्षी कुत्र्यांचं खाणं तुझ्या कोपीशी ठेवायला मीच सांगितलं होतं. जागा मीच दाखवली होती. तू आलीस तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले."

तिने हंडा उचलून कमरेवर घेतला. पाणी थोडं सांडलं.

"म्हायीत व्हतं ना ताई. त्या कुत्रेवाल्या ताईंना मी आधी बोलले व्हते, इथं नका ठेवू. त्या बोलल्या, जागा सेक्रेटरी मॅडमनी ठरवलीय. म्हणून तर तुमच्याच दारात आले."

"मग तेव्हा काही बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोल्ल्या, बघते." तिने हंडा सावरला. "सोनीला तिथंच बांधून आले व्हते. तुमच्याशी भांडायला येळ कुठं व्हता?"

ती गेली. मी नळ बंद केला. बांधावरून पहिली ट्रॉली येत होती, यमुनेने लांबूनच हात करून मला बाजूला व्हायला सांगितलं, आणि मी झाले.